उंचावरच्या वाळवंटात ‘एक क्लब कमी’ हा सल्ला अर्धवट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पर्यटन पुरवणीत अमेरिकेतील ओरेगॉन राज्यातल्या बेंड परिसरातील गोल्फ रिसॉर्टवर लेख आला. उन्हाळ्यात लेकीसुनांकडे तिकडे जाणारे आणि एरवी नागपूर-कामठीकडे अधूनमधून खेळणारे लोक आता आपल्या तालुक्यांतही आहेत, तेव्हा विषय योग्यच. पण ‘तिथे उंचीमुळे चेंडू लांब जातो, म्हणून एक क्लब कमी घ्या’ (म्हणजे नेहमीपेक्षा एक पायरी कमी अंतराची काठी वापरा) हा सल्ला आपल्याकडच्या खेळाडूला पहिल्याच होलवर गोत्यात आणेल.

बेंड समुद्रसपाटीपासून सुमारे 1100 मीटरवर आहे, म्हणजे जवळपास आपल्या चिखलदऱ्याइतकेच उंच. फरक पावसाचा. पॅसिफिककडून येणारे ढग कॅस्केड पर्वतरांगा अडवतात, त्यामुळे बेंडला वर्षभरात 300 मिमीही पाऊस पडत नाही. चिखलदऱ्यात एकट्या जुलैत याहून जास्त पडतो.

आता हवेचा हिशेब. 1100 मीटरवर चेंडू साधारण चार टक्के लांब जातो हे खरे, पण ते समुद्रकाठच्या खेळाडूसाठी. नागपूर मुळातच 310 मीटरवर आहे. आपल्या माणसाच्या पदरात उरतात तीन टक्के. घरी ज्याचा चेंडू सात नंबरच्या आयर्नने (लोखंडी तोंडाच्या काठीने) 140 यार्ड जातो, त्याचा तिथे 144 जाईल. दोन क्लबांत अंतर असते दहा-बारा यार्डांचे. चार यार्डांसाठी क्लब बदलायचा कशाला?

आणि हे चार यार्डही सकाळी मिळत नाहीत. बेंडला जुलैतसुद्धा पहाटे पारा 7-8 अंशांवर असतो, दुपारी 28-30 वर जातो. थंड हवा दाट असते. नागपूरच्या 30 अंशांच्या सकाळशी तुलना केली, तर बेंडची 8 अंशांची सकाळ उंचीचा फायदा जवळजवळ पूर्ण खाऊन टाकते. शिवाय गारठलेला चेंडू क्लबवरून कमी उसळतो. म्हणून सकाळी सातच्या टी-टाइमला (खेळ सुरू करण्याच्या वेळेला) घरचाच क्लब घ्यावा, शंका वाटली तर एक जास्त. राखीव चेंडू रात्रभर गाडीत न ठेवता खोलीत ठेवावेत. तिकडची हवा कोरडी म्हणून हलकी, असाही एक समज लेखात डोकावतो. तो उलटा आहे. पाण्याची वाफ कोरड्या हवेपेक्षा हलकी असते. मात्र हा फरक इतका किरकोळ की खेळात जाणवतही नाही.

दुपारी उंचीचा फायदा खरोखर मिळतो, पण तेव्हाच वारा सुटतो. ताशी 16 किमीचा समोरचा वारा अंतराच्या साधारण दहा टक्के खातो. तोच पाठीमागून आला तर त्याच्या निम्मेच परत देतो. पुरवणीतला अंतराचा तक्ता पुन्हा छापायचा झाल्यास सकाळ आणि दुपार असे दोन रकाने करावेत, ही विनंती.

मग तिथे चेंडू ग्रीनच्या (होलभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीच्या) मागे जातो तो कशाने? बहुतेक वेळा जमिनीने. बेंडमधल्या टेदरोसारख्या कोर्सवर (आराखडा डेव्हिड मॅकले किड यांचा, 2008) फेअरवे (ग्रीनपर्यंतचा कापलेल्या गवताचा पट्टा) आणि ग्रीन दोन्ही फेस्क्यू गवताचे, बारीक पात्याचे आणि टणक. विरळ हवेत बॅकस्पिन (उलटी फिरकी) चेंडूला कमी उचलते, चेंडू चपटा येऊन पडतो आणि पुढे धावतो. तिथे वेजने (उंच फटक्याच्या काठीने) चेंडू उंच उडवून झेंड्याजवळ थांबवण्याचा हट्ट धरू नये. ग्रीनच्या दहा-पंधरा यार्ड अलीकडे टप्पा द्यावा आणि चेंडू घरंगळू द्यावा. आठ नंबरची आयर्न, चेंडू मागच्या पायाजवळ, मनगट न मोडता पटरसारखा (ग्रीनवर चेंडू घरंगळवण्याच्या काठीसारखा) झोका: हा एक फटका इथूनच घोटून जावे.

पटिंगचीही सवय बदलावी लागते. जी हराळी उपटता उपटता शेतकऱ्याची कंबर मोडते, तीच आपल्याकडे फेअरवेवर मुद्दाम जोपासतात. हराळीच्या ग्रीनवर गवताचा कल चेंडूला ओढतो. फेस्क्यू किंवा बेंटग्रासवर तो जवळपास नसतो, तिथे फक्त उतार वाचायचा. ज्यांचा हात ग्रीनऐवजी असणाऱ्या, तेल मिसळलेल्या वाळूच्या ‘ब्राउन’वर बसला आहे, त्यांनी सराव-ग्रीनवर निदान वीस मिनिटे घालवावीत, आणि तीही लांबच्या पटवर. मे-जूनमध्ये पहाटे दव गोठलेले असेल तर सुरुवात उशिरा होते. त्यावर हुज्जत घालू नये. गोठलेल्या पात्यावर पाय पडला की पेशी फुटतात आणि पावलांचे तपकिरी ठसे पुढे कित्येक दिवस दिसतात.

फेअरवे सोडला की सेजब्रशची झुडपे, ज्युनिपर आणि लाव्ह्याचा काळा खडक. तिथे चेंडू गेला तर आधी ‘प्रोव्हिजनल’ (पहिला न सापडल्यास धरायचा तात्पुरता चेंडू) असे स्पष्ट सांगून दुसरा चेंडू मारावा, मगच शोधायला निघावे. 2019पासून शोधायला तीनच मिनिटे मिळतात. चेंडू सापडला पण खडकात अडकला असेल, तर क्लबचे तोंड फोडून घेण्यापेक्षा ‘अनप्लेएबल’ (खेळता न येणारा) जाहीर करावा. एका फटक्याचा दंड घेऊन दोन क्लब-लांबीच्या आत, होलच्या जवळ न जाता, गुडघ्याच्या उंचीवरून चेंडू सोडता येतो. दोन क्लब-लांबीतही खडकच असेल, तर चेंडू आणि होल यांच्या सरळ रेषेत हवे तितके मागे जावे. काही कोर्स हा सगळा पट्टा लाल खुंट्यांनी, म्हणजे दंडक्षेत्र म्हणून, आखतात आणि तिथले नियम वेगळे असतात. तसे असल्यास स्कोअरकार्डाच्या मागे लिहिलेले असते, ते पहिल्या टीवरच वाचावे.

कपारीत हात घालू नये, तिथे रॅटलस्नेक हा विषारी साप असू शकतो. चेंडूजवळ साप दिसला तर गोल्फच्या नियम 16.2 प्रमाणे धोका नसलेल्या जवळच्या जागी, एक क्लब-लांबीच्या आत, बिनदंड चेंडू सोडता येतो. नुसते काटेरी झुडूप आडवे आले तर मात्र ही सवलत नाही.

आपला,
एक वाचक, परतवाडा (जि. अमरावती)