तुमच्या त्या ‘हो’साठी

ग्रंथपाल मॅडम,
सप्रेम नमस्कार.

माझ्या तेरा वर्षांच्या लेकीला तुम्ही एका शब्दाचं उत्तर दिलंत, त्याला तीन आठवडे झाले. त्या दिवशी तोंडून शब्द फुटत नव्हता, म्हणून आभार मानायचे राहिले. आजही तो प्रसंग आठवला की घसा दाटून येतो.

तुम्हाला माहीत नसलेलं आधी सांगते. तिचे आजोबा, म्हणजे माझे वडील, चार महिन्यांपूर्वी वारले. शेवटचे दिवस हालाचे होते, म्हणून आम्ही तिला आत्याकडे धाडलं होतं. ती परत आली तेव्हा भेटायला येणारं प्रत्येक माणूस म्हणत होतं, ‘सुटले बिचारे.’ मीही तेच म्हणत होते.

मग तिने तुमच्याकडून ‘द गिव्हर’ आणलं. लोइस लॉरी यांची ही 1993 सालची कादंबरी. त्या जगात भूक नाही, भांडण नाही, रंगसुद्धा नाहीत. सगळ्यांच्या वाट्याच्या जुन्या आठवणी एकटा म्हातारा सांभाळतो आणि त्या बारा वर्षांच्या जोनसच्या हवाली करतो. तिथली म्हातारी माणसं आणि नकोशी बाळं ‘रिलीज’ होतात. म्हाताऱ्यांचा तर सोहळा असतो, त्यांच्या आयुष्याची कहाणी सांगतात, मग ते आनंदाने एका दारातून आत जातात. पलीकडे काय आहे, कुणी खोदून विचारत नाही. पुढे जोनसला चित्रण दिसतं. जुळ्यांतल्या वजनाने कमी बाळाच्या कपाळावरच्या शिरेत त्याचे स्वतःचे बाबा लाडेलाडे बोलत सुई टोचतात.

रिलीज म्हणजे सुटका. लेकीने तो शब्द थेट आमच्या घरातल्या शब्दाला नेऊन जोडला. त्या रात्री तिने मला विचारलं, ‘आजोबांची सुटका कुणी केली?’

मी म्हणाले, ‘अगं, गोष्ट आहे ती. झोप आता.’

शाळेत ती वाचताना रडली, तर पुस्तक काढून घेऊन ‘वयाला साजेसं नाही’ अशा शेऱ्यासह माझ्या हाती दिलं. ज्या कादंबरीला 1994 साली मुलांच्या साहित्याचं न्यूबेरी पदक मिळालं, ती नेमकी कोणत्या वयाची? समुपदेशकांनी ‘सकारात्मक’ पुस्तकं द्यायला सांगितलं. नातेवाईक म्हणाले, वाचनच बंद कर काही दिवस. पोरगी काय विचारते आहे, हे एकानेही ऐकलं नाही. या सगळ्यांचा मला राग आहे, आणि त्यांच्या आधी मीच तिला गप्प केलं होतं, हे जास्त सलतं.

आम्ही पुस्तक परत करायला आलो. तिने ते तुमच्यापुढे ठेवलं आणि विचारलं, ‘यात त्या बाळाला मारलं ना?’

तुम्ही काउंटरमागून उठून बाहेर आलात. तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसलात आणि म्हणालात, ‘हो.’

नुसतं ‘हो’. त्याला ‘पण’ जोडला नाहीत, माझ्याकडे पाहून आवाज खाली आणला नाहीत. तिचे खांदे सैल पडलेले मला मागून दिसले. मग तिने आजोबांचं विचारलं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, मी मान हलवली. ‘ते आजारी होते आणि आजारातच वारले. कुणी मारलं नाही त्यांना,’ असं तुम्ही सांगितलंत. चार महिन्यांत ‘वारले’ हा शब्द तिच्यासमोर पहिल्यांदा कुणीतरी उच्चारला.

त्याच रात्री मी पुस्तक वाचायला घेतलं. रंग कसे नाहीसे केले, आठवणी एकाकडून दुसऱ्याकडे कशा जातात, याचा उलगडा लेखिका करत नाही. सुरुवातीला ते मला खटकलं. पण त्या गावात शब्दांच्या अचूकपणाचा जो हट्ट आहे, त्यापाशी मी थबकले. ‘तुमचं माझ्यावर प्रेम आहे का,’ असं जोनस आईबाबांना विचारतो, तर ते हसतात आणि ‘प्रेम’ हा शब्द मोघम आहे, म्हणून त्याची चूक काढतात. आणि तीच माणसं मारण्याला रिलीज म्हणतात! इतकी भेदक गोष्ट मी मोठ्यांच्या पुस्तकांतही क्वचित वाचली आहे. न्यूबेरी स्वीकारताना लॉरींनी आपल्या वृद्ध वडिलांबद्दल सांगितलं होतं. त्या वडिलांची एक मुलगी, म्हणजे लॉरींची बहीण, तरुणपणीच वारली होती. फोटोत त्यांनी तिला ओळखलं, पण तिचं नेमकं काय झालं ते त्यांना आठवत नव्हतं, म्हणून दुःखही नव्हतं. माझ्या लेकीच्या वाट्याचं दुःख मी असंच पुसायला निघाले होते.

सरळ विचारलेल्याला सरळ उत्तर देणारी माणसं भेटतात, तेव्हा घरातली हवासुद्धा मोकळी होते. आता आमच्याकडे आजोबांचा विषय निघतो. ती त्यांच्या खोकल्याची नक्कल करते, मग आम्ही दोघी रडतो.

पुस्तक तुम्ही पुन्हा तिच्याच नावावर लिहून दिलंत, त्याची मुदत शनिवारी संपते. शेवटी टेकडीवरून घसरगाडीने खाली येणारे जोनस आणि त्याने ‘रिलीज’पासून वाचवून सोबत नेलेलं दुसरं छोटं बाळ जगतात की नाही, यावर तिचं ठाम मत झालं आहे. लॉरींनी पुढे या मालिकेत आणखी तीन पुस्तकं लिहिली, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. ते तुम्हीच सांगा. शनिवारी ती तुमच्याशी वाद घालायला येते आहे. थोडा वेळ राखून ठेवाल ना?

तुमची ऋणी,
एका वाचक मुलीची आई