गिअरबॉक्स गेला म्हणण्याआधी ऑईल तरी बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळा लागला की कसारा, खंबाटकी, बोरघाट कुठेही जा, कडेला बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या दिसतात आणि आता त्यात जुन्या ऑटोमॅटिक गाड्या पण बऱ्याच असतात. आधी ऑटोमॅटिक म्हणजे मोठ्या लोकांची गाडी, आता त्याच गाड्या सेकंडहँड बाजारात उतरल्यात, गुडघे दुखणारे रिटायर लोक, नवीन शिकणाऱ्या बायका-मुली, रोज ट्रॅफिकमध्ये अडकणारे नोकरदार असे सगळे घेतात. आणि गाडीने जरा झटका मारला, गिअर उशिरा पडला की गॅरेजमध्ये ऐकायला मिळतं ते ठरलेलं, "गिअरबॉक्स गेला साहेब, बदला नाहीतर गाडी काढून टाका." बदलायचा खर्च जुन्या गाडीच्या किमतीला जाऊन टेकतो, मग इंजिन टकाटक असलेली गाडी भंगाराच्या भावात जाते. याबद्दलच लिहितोय, कारण यातल्या किती गाड्यांचं ऑईल तरी कोणी बघितलेलं असतं हा माझा प्रश्न आहे.

मी बोलतोय ते टॉर्क कन्व्हर्टरवाल्या खऱ्या ऑटोमॅटिकबद्दल, म्हणजे जिथे इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये क्लचप्लेटऐवजी ऑईल भरलेला कन्व्हर्टर असतो, चार गिअर, पाच गिअर, सहा गिअरवाल्या. एएमटी वेगळी, त्यात साधाच मॅन्युअल गिअरबॉक्स आणि साधीच क्लचप्लेट असते फक्त पाय मारायचं काम मशीन करतं, तिथे हे ऑईलचं गणित लागू नाही. पण टॉर्क कन्व्हर्टरमध्ये ते लालसर ऑईल, एटीएफ म्हणतात ते, सगळंच करतं. इंजिनची ताकद तेच पुढे नेतं, त्याच्याच प्रेशरने आतले क्लच दाबले जातात म्हणजे गिअर पडतो, वंगण पण तेच आणि आतली उष्णता बाहेर काढणारं पण तेच. म्हणून ते खराब झालं की एकच गोष्ट बिघडत नाही, गाडी रेस होते पण पळत नाही, लिव्हर डीवर टाकल्यावर दोन सेकंद विचार करते, दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना धक्का देते, साठ-सत्तरच्या स्पीडला रंबलर पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथरते.

आणि ते खराब होतं गरमीने. साधारण ८० ते ९५ अंश सेल्सिअसला ते नीट काम करतं, १२० च्या पुढे गेलं की जळायला लागतं, ऑईलचं प्रेशर इकडे-तिकडे वळवणाऱ्या व्हॉल्व्हबॉडीत चिकट थर बसतो, रबरी सील कडक होतात. जुन्या फिटर लोकांचा ठोकताळा आहे की ८० च्या वर दर दहा-अकरा अंशाला ऑईलचं आयुष्य निम्मं होतं. लोकांना वाटतं जोरात पळवली की गिअरबॉक्स तापतो, पण होतं बरेचदा उलटं. समृद्धीवर शंभरच्या एकसारख्या स्पीडने चाललात तर आतला लॉकअप क्लच, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा, लागलेला असतो, स्लिप नाही म्हणजे जास्तीची गरमी नाही. खरी भट्टी पेटते ती नाशिकच्या द्वारका सर्कलला संध्याकाळी सात वाजता किंवा घाटात ट्रकच्या मागे दहाच्या स्पीडने रांगताना, तेव्हा लॉकअप सुटलेला, इंजिन फिरतंय, चाकं जेमतेम हलतायत आणि मधला सगळा फरक गरमी बनून ऑईलमध्ये जातोय. त्यात चढावर गाडी ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर तोलून धरायची सवय, ही तर फारच वाईट, क्लचवाल्या गाडीत हाफ क्लचचा वास येतो म्हणून माणूस थांबतो, इथे वासच येत नाही.

आता जे कोणी बघत नाही ते सांगतो. बहुतेक जुन्या गाड्यांत गिअरबॉक्सच्या ऑईलचा कूलर वेगळा नसतो, तो रेडिएटरच्याच टाकीत खाली किंवा बाजूला बसवलेला असतो. म्हणजे रेडिएटर चोक, तर गिअरबॉक्सला पण ताप. आपल्याकडे रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी बोअरचं पाणी ओतायची पद्धत आहे, क्षार बसतात, गंज चढतो, आणि कधी तो आतला कूलरच गळका होतो, मग पाणी आणि ऑईल मिसळून ऑईल बघायच्या काडीवर (डिपस्टिकवर) स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखा गुलाबी फेस दिसतो. असं दिसलं की गाडी एक किलोमीटर पण चालवू नका, पाणी-कूलंटने क्लचच्या अस्तराचा गोंद सुटतो आणि मग खरंच बॉक्स उघडावा लागतो.

दुसरं म्हणजे थर्मोस्टॅट, इंजिन गरम होईपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह. गाडी तापते म्हटलं की आपले मिस्त्री थर्मोस्टॅट काढून फेकतात, "याची गरज नाही आपल्याकडे" म्हणून. बऱ्याच जुन्या ऑटोमॅटिकमध्ये इंजिन ठराविक गरम झाल्याशिवाय कॉम्प्युटर ओव्हरड्राइव्ह (सगळ्यात वरचा गिअर) आणि लॉकअप लागूच देत नाही. थर्मोस्टॅट नसला तर नाशिकच्या थंडीत सकाळी हायवेला इंजिन पूर्ण गरम होत नाही, गाडी खालच्याच गिअरमध्ये ओरडत राहते, ॲव्हरेज पडतं, आणि मालकाला सांगितलं जातं गिअरबॉक्स गेला.

आमच्या घरच्या गाडीचं असंच झालं होतं, गाडी १५ वर्षांची. घाटात चढताना तिसरा पडायचा नाही, नुसती रेस. एका गॅरेजने बॉक्स बदलायचा अंदाज हातात दिला, काडी बाहेर न काढता. मग सातपूरच्या एका जुन्या फिटरने आधी रेडिएटरचा पंखा बघितला तर तो स्लो स्पीडला फिरतच नव्हता, रेडिएटरच्या जाळीत माती आणि मेलेले किडे, ऑईल काळं आणि जळका वास. पंख्याचा रेझिस्टर बदलला, रेडिएटर बाहेर काढून साफ केला, ऑईल काढून नवीन टाकलं, थोडं चालवून परत काढून परत टाकलं, कारण एका वेळेला निम्म्याहून कमीच ऑईल निघतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये अडकलेलं असतं. फ्लश मशीन लावायला तो तयारच झाला नाही, म्हणाला इतक्या जुन्या ऑईलवर एकदम प्रेशर मारलं तर आतली घाण भलत्या जागी जाऊन बसेल. गाडी आजही चालते, थंडीत पहिल्या गिअरला थोडा धक्का देते तेवढाच.

सगळ्या गाड्या अशा वाचतात असं मी म्हणत नाही. काडीवर धातूची चकाकी किंवा काळे कण हाताला लागले, रिव्हर्स पडतच नसेल, तर ऑईल बदलून काही होत नाही आणि तसं स्पष्ट सांगणारा मेकॅनिक प्रामाणिकच. पण आधी बघायला तर हवं. आणि बघायची पण पद्धत आहे, बहुतेक गाड्यांत सपाट जागा, ऑईल गरम, इंजिन चालू, लिव्हर पार्कमध्ये, तर होंडाच्या जुन्या गाड्यांत इंजिन बंद करून मिनिट-दीड मिनिटात. थंड गाडीत बघून कमी वाटलं म्हणून ओतलं की जास्त होतं, मग फेस, फेसाने प्रेशर पडतं आणि परत स्लिप. ज्या गाड्यांना काडीच नाही, टोयोटाच्या कित्येक आहेत, तिथे स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचणारं यंत्र) लावून ऑईल साधारण ४०-४५ अंशाला आणून खालच्या बोल्टमधून लेव्हल बघावी लागते, आणि हे करणारी गॅरेज जिल्ह्याच्या गावात सुद्धा शोधावी लागतात.

ऑईल कुठलंही चालतं हा अजून एक गोंधळ. टोयोटाच्या डब्ल्यूएसच्या जागी जुनं टी-फोर चालत नाही, ह्युंदाईच्या जुन्या बॉक्सला एसपी-थ्री, होंडाला डीडब्ल्यू-वन, आणि सीव्हीटीचं (गिअरऐवजी पट्टा आणि पुलीवर चालणाऱ्या ऑटोमॅटिकचं) ऑईल तर पूर्ण वेगळं, ते साध्या ऑटोमॅटिकमध्ये किंवा त्यात हे टाकलं तर वाटच लागली. डब्यावर "सर्व ऑटोमॅटिकसाठी" लिहिलेलं बघून घेऊ नका, मॅन्युअलमध्ये जे नाव आहे तेच मागा.

घाटात लिव्हर डीवर ठेवून बसू नका, ओव्हरड्राइव्ह बंद करा किंवा लिव्हर '२' किंवा 'एल'वर घ्या, गिअर सारखे वरखाली होणं थांबतं आणि इंजिन जोरात फिरल्याने पंप ऑईल पण जास्त फिरवतो. गाडी तापली वाटली तर बंद करू नका, सुरक्षित जागी पार्कमध्ये टाकून इंजिन चालू ठेवा, ऑईल कूलरमधून फिरत राहील, फक्त इंजिनचाच काटा लालमध्ये असेल किंवा कूलंट गळत असेल तर लगेच बंद करायची. उतारावर न्यूट्रल तर कधीच नाही. आणि बंद पडली तर दोरी बांधून टोचन करू नका, पुढची चाकं ओढणारी गाडी असेल तर पुढची चाकं उचलून, नाहीतर सरळ फ्लॅटबेडवर. इंजिन बंद म्हणजे पंप बंद, पंप बंद म्हणजे आत वंगण नाही, आणि चाकं मात्र बॉक्सला फिरवतायत. घाटातल्या क्रेनवाल्यांना हे माहीत नसतं, त्यांना आपणच अडवायला लागतं.

कंपन्यांना माझी मागणी आहे की "लाइफटाइम ऑईल, हात लावायचा नाही" हे सांगणं बंद करा. तुमच्याच कित्येक मॅन्युअलमध्ये कठीण वापरासाठी वेगळं वेळापत्रक दिलेलं असतं, आणि ऊन, ट्रॅफिक, घाट म्हणजे आपला रोजचा रस्ता त्यातच बसतो. ते पान मराठीत छापा. सर्व्हिस सेंटरने आणि गॅरेजने बॉक्स बदलायचा अंदाज देण्याआधी जॉबकार्डवर ऑईलची लेव्हल, रंग, स्कॅनरमधला कोड आणि जमत असेल तिथे ऑईलचं तापमान लिहून द्यावं, मालकाची सही घ्यावी. आणि आयटीआयच्या मोटर मेकॅनिकच्या पोरांच्या हातात एखादा उघडलेला ऑटोमॅटिक बॉक्स द्या, भंगारात एवढे पडलेत, त्यातलेच चार उचलून आणले तरी वर्ग चालेल.

आपला,
एक वाचक, नाशिक