एजीएम ऑनलाइन झाली, पण भागधारकाचा आवाज गेला

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मोठ्या कंपन्यांच्या एजीएम, म्हणजे भागधारकांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा, आता मोबाइलवरच होतात. सोय झाली हे अगदी मान्य, पूर्वी मरीन लाइन्सच्या बिर्ला मातुश्री सभागृहात जायचं तर आम्हा नोकरदारांना रजा टाकावी लागायची आणि सोलापूर-नांदेडचा छोटा शेअरहोल्डर तर तो विचारच सोडून द्यायचा, आज तो घरबसल्या मीटिंग बघतो. पण फक्त बघतोच, हे मला खटकतं.

बोलायचं असेल तर आधीच मेल करून स्पीकर म्हणून नाव नोंदवायचं, मग वाट्याला दोन-तीन मिनिटं येतात. यंदा एका कंपनीच्या मीटिंगमध्ये मी प्रमोटरच्या (कंपनी ज्यांच्या ताब्यात असते त्यांच्या) दुसऱ्या कंपनीशी झालेल्या व्यवहारांबद्दल विचारत होतो, प्रश्न अर्धा झाला तोच मला म्यूट केलं आणि मॉडरेटरने पुढचं नाव पुकारलंसुद्धा! हॉलमध्ये हे झालं असतं तर मागून चारजण तरी ओरडले असते की अहो त्यांना बोलू द्या. इथे आम्ही भागधारक एकमेकांना दिसतच नाही.

मतदानाचं तर त्याहून वाईट. रिमोट ई-व्होटिंग, म्हणजे मीटिंगआधीच घरून ऑनलाइन मत देण्याची सोय, मीटिंगच्या आदल्या दिवशी संध्याकाळी 5 वाजता बंद होतं, आणि ज्याने त्यात मत दिलं त्याला मीटिंगला बसता येतं पण मत बदलता येत नाही. मोठ्या गुंतवणूकदारांनी आधीच मत देऊन टाकलं असेल तर संचालकांनी कितीही गुळमुळीत उत्तर दिलं तरी काय फरक पडणार?

2013 च्या कंपनी कायद्याचं कलम 96 सांगतं की एजीएम नोंदणीकृत कार्यालयात किंवा त्याच शहरात, गावात घ्यायची. एप्रिल-मे 2020 मध्ये कोरोनामुळे कंपनी व्यवहार मंत्रालयाने सर्क्युलर काढून व्हिडिओची परवानगी दिली ती योग्यच होती, पण मग मुदत वाढवत वाढवत तीच रीत पडली. संकटातली सोय कायमची करायची तर भागधारकाचे हक्क कायद्यात लिहूनच करा, सर्क्युलरवर नको.

माझं म्हणणं एवढंच की लिस्टेड (शेअर बाजारात नोंदलेल्या) कंपन्यांना हॉल आणि ऑनलाइन दोन्ही सक्तीचं करा, मीटिंगनंतर एक दिवस तरी मतदान चालू ठेवून आधीचं मत बदलू द्या, आणि पब्लिक कंपन्यांना मीटिंगचं ट्रान्सक्रिप्ट (बोलण्याची नोंद) वेबसाइटवर टाकावं लागतंच, त्यालाच वेळेअभावी राहिलेले सगळे प्रश्न उत्तरांसकट जोडायला लावा.

— एक छोटा भागधारक, डोंबिवली