फुटलेली मडकी आणि संताचे जोडे

कॉर्फू, ग्रीस

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मी येथे खुशाल आहे. खाणे, झोप आणि पाठ यांविषयी रविवारी फोनवर सांगितले तेच खरे आहे, त्यामागे काही दडवलेले नाही. पत्राचे कारण तो व्हिडिओ. लोक सज्जांतून मडकी रस्त्यावर फोडत असल्याचा तो व्हिडिओ मी हौसेने पाठवला आणि तेव्हापासून आईच्या घशाखाली घास उतरत नाही, असे छोटीने कळवले. फोनवर समजावू लागलो की माझा आवाज चढतो, म्हणून सविस्तर लिहितो. बाबांनी आजीलाही वाचून दाखवावे.

मडके आपल्याकडे कोणत्या प्रसंगी फोडतात ते मी विसरलेलो नाही. येथे मात्र तो आनंदाचा सोहळा आहे. ईस्टरच्या आदल्या शनिवारी सकाळी अकरा वाजता येशूच्या पुनरुत्थानाची पहिली घोषणा होते, घंटा वाजू लागतात आणि लाल कापडे लावलेल्या सज्जांतून पाण्याने भरलेली मडकी, काही तर रांजणाएवढी, खाली येऊन फुटतात. त्यांना 'बोतिदेस' म्हणतात. व्हेनिसच्या लोकांनी येथे 1386 ते 1797 अशी चारशे वर्षे राज्य केले. नववर्षाला जुनी भांडी बाहेर फेकण्याची त्यांची रीत होती, तीच ईस्टरला जोडली गेली असे काही जण सांगतात. काही जण बायबलमधल्या स्तोत्राचा दाखला देतात, ज्यात शत्रू कुंभाराच्या भांड्यासारखे फुटतील असे म्हटले आहे. खापऱ्या लोक शकुनाच्या म्हणून घरी नेतात. आई, आपल्याकडे माणूस गेला म्हणून मडके फुटते, येथे गेलेला परत आला म्हणून. मी दोरीच्या पुष्कळ मागे उभा होतो आणि एक कपचीही मला लागली नाही, हे पुन्हा लिहितो.

बाबांनी विचारले की मी हल्ली चर्चमध्ये फार जातो काय. जातो, पण देवळात पाऊल टाकल्याने कोणी बाटत नाही, आणि कोणी मला तसे सुचवलेलेही नाही. येथे एका चर्चचे नावच 'परक्यांची माता' असे आहे. समोरच्या मुख्य भूमीवरून आश्रयाला आलेल्या लोकांसाठी ते सतराव्या शतकात उभे राहिले. त्याच शनिवारी पहाटे सहाला तेथे बाके हलवून आणि गदारोळ करून बायबलातला भूकंप घडवतात. नावापायीच मी तेथे शिरलो, एवढेच.

बाकी गावाचा देव म्हणाल तर संत स्पिरिदोन. हा सायप्रसचा मेंढपाळ, म्हणजे आपल्या भाषेत धनगर, पुढे बिशप झाला आणि 325 मध्ये निकाया येथील धर्मसभेला गेला. तेथे एकाच देवात पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असे तीन कसे असतात हे दाखवण्यासाठी त्याने हातातली वीट दाबली, तेव्हा ज्वाळा वर गेली, पाणी खाली गळले आणि हातात माती उरली, अशी कथा आहे. 1453 मध्ये कॉन्स्टँटिनोपल पडल्यावर एका धर्मगुरूने त्याचा देह तेथून चाऱ्याच्या पोत्यात लपवून जनावरावरून येथे आणला, असे सांगतात. तो देह आजही चांदीच्या पेटीत आहे. वर्षातून चार वेळा त्याची मिरवणूक निघते: 1629 च्या प्लेगसाठी, एका दुष्काळासाठी, 1716 साली तुर्कांचा वेढा उठला त्यासाठी आणि 1673 च्या दुसऱ्या प्लेगसाठी. दुष्काळात इटलीकडे निघालेली गव्हाची जहाजे संताने येथे वळवली, अशी श्रद्धा आहे, आणि ती मिरवणूक मडक्यांच्याच दिवशी सकाळी असते. टाळ-मृदंगाऐवजी बँड असतो, आणि पालखीत पादुकांच्या जागी काचेआड संत स्वतः उभा असतो. तो रात्री बेटावर हिंडून लोकांची दुखणी निवारतो, म्हणून त्याचे जोडे झिजतात. ते बदलून जुन्यांचे तुकडे भाविकांना देतात. स्पिरोस हे त्याच्याच नावाचे लहान रूप, आणि आमच्या हॉटेलच्या किचनमध्ये तीन स्पिरोस आहेत. हाक मारली की तिघेही वळतात.

फलटणला माउलींची पालखी विमानतळावर उतरते तेव्हा आपण दर्शनबारीत उभे राहायचो, ते मला त्या गर्दीत आठवले. डोळ्यांत पाणी आले ते उन्हामुळे, असे मी शेजारच्या स्पिरोसला सांगितले.

त्या धर्मगुरूच्या घराण्यातून संताचा देह लग्नात हुंडा म्हणून दुसऱ्या घराण्याकडे गेला, हे येथे सर्वांना ठाऊक आहे. ऐकून मला हसू आले आणि लगेच आपल्या घरचा, छोटीच्या लग्नाचा विषय आठवला. पाहुण्यांना हुंडा नको, हे चांगलेच झाले. मानपानाची यादी मात्र बाबांनी एकदा बसून वाचावी. दीड लाख रुपये सोमवारी पाठवले आहेत. त्यांतून छोटीच्या पाटल्या व्हाव्यात, आणि सोसायटीचा हप्ता मी पुढच्या महिन्यात वेगळा भरीन.

वैशाखात येणे जमणार नाही. हंगाम एप्रिलमध्ये सुरू होतो आणि मे महिन्यात हॉटेल भरलेले असते, असे मी फोनवर सांगितले होते. ते खरे आहे. पण मी रजा मागितलीच नाही, हेही खरे आहे. विमानाचे भाडे आणि बुडालेला पगार यांची बेरीज करून पाहिली, ती जवळपास पाटल्यांएवढी निघाली. छोटीला हे सांगू नये. कानपिळीला मामांच्या संतोषला उभे करावे, आणि त्याने कान जरा जोरात पिळावा, माझ्या वाटचाही.

बाबा, आषाढात पंढरपूरपर्यंत चालणार असाल तर नवे जोडे आधीच घ्या. मागच्या वर्षीचे झिजले असतील.

आपला,
बाळू