जाम झालेल्या टाय रॉडवर गॅस मारू नका

मा. संपादक,
नमस्कार. पावसाळा तोंडावर आला की पेपरात गाडीची काळजी कशी घ्यावी यावर दरवर्षी काहीतरी येतं, टायर बघा, वायपर बदला, ब्रेक चेक करा. ते बरोबरच आहे. पण किनारपट्टीवर ज्यांच्याकडे जुन्या गाड्या आहेत त्यांना खरी भीती टाय रॉडच्या सांध्यांची, म्हणजे स्टिअरिंगचं वळण पुढच्या चाकांपर्यंत पोचवणाऱ्या दांड्यांच्या सांध्यांची, आणि त्यावर कधी एक ओळसुद्धा वाचली नाही म्हणून मीच लिहितोय.

आमच्याकडे देवगडात वडिलांच्या वेळची महिंद्रा जीप आहे. सीझनला हापूसच्या पेट्या भरून फोंडा घाट चढून कोल्हापूरला जायची. वडील गेले आणि गाडी दोन पावसाळे मांगरात (शेतावरच्या खोपटात) उभीच राहिली. गेल्या वर्षी पासिंगसाठी बाहेर काढली तर पुढचं चाक धरून हलवलं की खटखट, दोन्ही बाजूचे टाय रॉड एन्ड, म्हणजे टाय रॉडच्या टोकाचे बॉल जॉइंट, गेलेले. पार्ट मिळाले, पण जुने निघेनात. नट सुटला, नट सुटू नये म्हणून घातलेली स्प्लिट पिन तुकडे होऊन निघाली, पण बॉल जॉइंटचा दांडा आर्मच्या, म्हणजे चाक वळवणाऱ्या लोखंडी हाताच्या, भोकातून तसूभर हलेना.

हा दांडा सरळ नसतो, निमुळता असतो, आणि भोकही तसंच. नट आवळत गेलं की दांडा भोकात रुतत जातो आणि ती पकडच खरं काम करते. त्यात खारी हवा आणि पावसाचं पाणी शिरलं की गंज चढतो, गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, मग तो सांधा असा आवळतो की विचारू नका. वरून घण घातला तर दांड्याचं तोंड चेपतं, आटे मरतात, आणि तो जागचा हलत नाहीच.

आम्ही ज्या गॅरेजात गाडी दिली तिथे आधी घण झाला आणि मग गॅसची ज्योत. आर्म लालबुंद होईपर्यंत तापवला, ठोकून दांडा पाडला आणि वर बादलीभर पाणी ओतलं. मी समोर उभा होतो, मला वाटलं असंच करत असतील. नवीन एन्ड त्या भोकात नीट बसेना कारण भोकच वाकडं झालेलं, तर त्यांनी नटावर वेल्डिंगचा टाका मारून गाडी हातात दिली, आणि मी ती चालवत घरी आणली, बायको आणि मुलगी मागे बसलेली.

नंतर कणकवलीच्या एका म्हाताऱ्या मेस्त्रींनी खाली वाकून बघितलं आणि एवढंच म्हणाले, "ही गाडी घेवन घाटात जाव नको." त्यांनीच समजावलं की आर्मचं लोखंड पाणी दिलेलं, म्हणजे तापवून-थंड करून कणखर केलेलं असतं, लाल केलं की पाणी उतरतं, वरून गार पाणी ओतलं तर ते ठिसूळ होऊ शकतं. वरून काही दिसत नाही, पण एखाद्या खड्ड्यात आर्म तुटला तर एक चाक स्टिअरिंगचं ऐकतच नाही. शिवाय बॉल जॉइंटच्या बंद वाटीत ग्रीस असतं, ते तापून वाटी फुटली तर समोरच्याच्या तोंडावर.

त्यांनी आर्म बदलला. दुसऱ्या बाजूचा सांधा तितकाच जाम होता, तो मात्र त्यांनी माझ्यासमोर काढला आणि ते मी विसरणार नाही. आधी वायर ब्रशने साफ केला, दोन दिवस सकाळ-संध्याकाळ गंज सोडवायचं तेल सोडलं. मग नट पूर्ण न काढता दोन-तीन आट्यांवर ठेवला, म्हणजे सुटताना काही उडणार नाही आणि आटेही वाचतील. पुलर, म्हणजे स्क्रू आवळून सांधा ओढून काढायचं हत्यार, लावून ताण दिला, आर्मच्या डोळ्याला (भोकाभोवतीच्या भागाला) मागून एक जड हातोडा टेकवला आणि समोरून दुसऱ्या हातोडीने बाजूला ठोका दिला, दांड्यावर नाही, डोळ्यावर. तिसऱ्या-चौथ्या ठोक्याला खाडकन आवाज आला आणि सुटला. जुना एन्ड टाय रॉडमधून काढताना किती फेरे फिरतो तेही मोजून खडूने लिहिलं, नवीन तितक्याच फेऱ्यांवर बसवला आणि नंतर अलाइनमेंटला पाठवलं. स्टिअरिंग बॉक्सच्या शाफ्टवर बसणारा ड्रॉप आर्मही असाच पुलरनेच काढायचा असतो, त्यावर घण घातला तर मार थेट बॉक्सच्या आतल्या शाफ्टला आणि बेअरिंगला लागतो.

पुलर काही न परवडणारी वस्तू नाही. आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स आहे, तिथल्या सरांना माझी कळकळीची विनंती आहे की पोरांना गंजलेल्या सांध्यावर हे काम करायला लावा, नवीन चकचकीत पार्टवर शिकून आमच्याकडच्या गाड्या उघडता येत नाहीत. आणि पंधरा वर्षं झाल्यावर खाजगी गाडी दर पाच वर्षांनी तपासणीला जाते, तेव्हा साहेबांनी दिवे-हॉर्नबरोबर खाली वाकून टाय रॉडही बघावेत.

तोवर ज्यांच्याकडे जुनी जीप किंवा टेम्पो आहे त्यांनी उद्या सकाळी टॉर्च घेऊन पुढच्या चाकांच्या आत बघा. नटावर वेल्डिंग दिसलं, स्प्लिट पिनच्या जागी तार दिसली, किंवा आर्म निळा-काळा पडलेला दिसला तर गाडी तिथेच उभी ठेवा आणि मेस्त्रींना घरी बोलवा.

आपला नियमित वाचक,
देवगड