लघवीचं विचारता, मग हेही विचारा: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

सादर नमस्कार.

परांचीवरून पडून मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसाची मी बायको. दवाखान्यातून सोडताना लघवीची नळी (कॅथेटर) कशी घालायची, कूस किती वेळाने बदलायची, टाचांखाली उशी कुठे द्यायची, सगळं नीट शिकवलं. नवरा-बायको म्हणून पुढे काय, शरीरसंबंधांचं काय, हे मात्र कुणी विचारलं नाही. सासूबाई शेजारी बसलेल्या, आमचीही जीभ रेटली नाही.

नंतर स्वतःच वाचत गेले. लंडनचे शास्त्रज्ञ जाइल्स ब्रिंडली यांनी 1970च्या दशकातच कमरेखालच्या नसांच्या मुळांना विजेची उत्तेजना देणारं यंत्र माणसांत बसवलं. आतल्या यंत्राला बॅटरी नाही. बाहेरून ट्रान्समीटर कातडीवर धरायचा, की मूत्राशय रिकामं होतं. त्याच यंत्राने काही पुरुषांना ताठरताही आणता आली. पण मेख पुढे आहे. या शस्त्रक्रियेत संवेदना नेणारी मागची मुळं बहुधा कापतात. त्याने मूत्राशयाचं अवेळी आवळणं थांबतं, आणि स्पर्शाने आपसूक येणारी ताठरताही जाते. यंत्र ती परत देईलच, याची खात्री नाही. हा व्यवहार शस्त्रक्रियेआधी, मराठीत, दोघांनाही समोर बसवून सांगितला पाहिजे. संमतीपत्रावर नुसता अंगठा घेऊन भागणार नाही.

बायकांची कथा आणखी तोकडी. अमेरिकेतले वेदनातज्ज्ञ स्टुअर्ट मेलॉय यांनी 2006 मध्ये 11 बायकांवरचा अभ्यास छापला. पाठीच्या कण्याजवळ तात्पुरती तार घालून उत्तेजना दिली. ज्यांना कामसुखाचा कळस (ऑर्गॅझम) पूर्वी अनुभवता येत होता आणि नंतर तो हरपला होता, अशा पाचपैकी चौघींना तो परत मिळाला. तार काढली, की गेला. एवढ्यावरून कुणी यंत्र विकायला निघालं, तर त्याला आधी आपणच अडवा. उद्या जाहिरात येईलच. लोकलच्या डब्यात ‘गुप्तरोग, खात्रीशीर इलाज’ चिकटवणाऱ्यांना नवा माल हवाच असतो.

म्हणून यंत्रं फुकट वाटा, असं मी म्हणत नाही. दिव्यांग हक्क कायदा, 2016 च्या कलम 25 मध्ये लैंगिक व प्रजनन आरोग्यसेवा सरकारची जबाबदारी म्हणून लिहिलेली आहे. तेव्हा मज्जारज्जूच्या प्रत्येक रुग्णाच्या डिस्चार्ज कार्डावर शरीरसंबंधांच्या प्रश्नाचा एक रकाना असावा, आणि तो भरायला पडद्याआड बोलणारा समुपदेशक. ताठरतेसाठी गोळ्या, इंजेक्शन, व्हॅक्यूम पंप हे साधे उपाय आधी जिल्हा रुग्णालयात मिळावेत. ज्यांना मूत्राशयासाठी असं उत्तेजना देणारं यंत्र बसतं, त्यांचं यंत्र बिघडलं किंवा तार सरकली तर खर्च कुणाचा, हेही लेखी ठरावं. हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायच्या स्टेंटच्या किमतींना केंद्राने 2017 मध्ये लगाम घातला. या यंत्रांसाठी दिल्लीत आपण शब्द टाकावा.

मला उत्तर पाठवण्याची तसदी घेऊ नये. परिपत्रक निघालं, की वॉर्डातल्या सिस्टरकडून कळेलच.

आपली विश्वासू,
एका रुग्णाची पत्नी