कालवा ‘विकत घेतला’ कोणी, आणि नफा ‘घरबसल्या’ मिळाला कोणाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला सुएझवरचा पानभर लेख वाचला. मांडणी देखणी, छायाचित्रे रंगीत, त्याबद्दल अभिनंदन. पण मधल्या चौकटीत ठळक टायपात जे छापले आहे, की ब्रिटिश पंतप्रधान डिझरायलीने १८७५ मध्ये कालवा विकत घेतला, इजिप्तला नफ्याचा वाटा पहिल्यापासून घरबसल्या मिळत होता आणि तरीही इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी तो बळकावला, ते कोणत्या वहीत बघून लिहिले? एवढ्याशा मजकुरात दोन चुका आहेत, आणि दुसरी पहिलीपेक्षा मोठी आहे.

आधी पहिली. कालवा कधीच कोणी विकला नाही. विकले गेले ते कालवा चालवणाऱ्या सुएझ कंपनीचे शेअर. एकूण शेअर ४ लाख, दर्शनी किंमत प्रत्येकी ५०० फ्रँक. त्यातले खेदिव, म्हणजे इजिप्तचा राज्यकर्ता, इस्माईल याच्याकडचे इंग्लंडने घेतले. तारांमधून सौदा ठरला तो १,७७,६४२ शेअरचा, ४० लाख पौंडांना. कैरोत प्रत्यक्ष मोजणी झाली तेव्हा १,०४० कमी भरले. म्हणून शेअर १,७६,६०२ आणि किंमत ३९,७६,५८२ पौंड. संसदेचे अधिवेशन चालू नव्हते, त्यामुळे पैसे रॉथशिल्डच्या पेढीकडून उचलले, अडीच टक्के कमिशन देऊन. हे झाले ४४ टक्के भांडवल. मतांचे काय? कंपनीच्या घटनेनुसार २५ शेअरमागे एक मत, पण एका भागधारकाला कमाल १० मते, मग त्याच्याकडे शेअर कितीही असोत. बरीच घासाघीस होऊन इंग्लंडच्या पदरात ही १० मते आणि २४ जणांच्या संचालक मंडळात ३ जागा पडल्या. कंपनी कागदोपत्री इजिप्तची, कचेरी पॅरिसला, आणि कालव्याचा हक्क १८६९ च्या उद्घाटनापासून फक्त ९९ वर्षांचा, म्हणजे १९६८ पर्यंतचा. भाडेपट्ट्याच्या घरात पोटभाडेकरू म्हणून शिरणाऱ्याला आपण घरमालक म्हणतो का? इंग्रजांची हुकमत बसली ती १८८२ मध्ये, सैन्य उतरवल्यावर. शेअरने नव्हे.

आता ‘घरबसल्या’चा हिशोब. कंपनीच्या निव्वळ नफ्याची वाटणी ठरलेली होती: ७१ टक्के भागधारकांना, १५ टक्के इजिप्त सरकारला, १० टक्के संस्थापकांना, उरलेले २ आणि २ टक्के संचालक व नोकरवर्गाला. म्हणजे इजिप्तकडे उत्पन्नाच्या दोन वाटा होत्या, शेअरवरचा लाभांश आणि ती १५ टक्क्यांची रक्कम. दोन्ही कशा बुजल्या ते ऐका.

शेअरला लाभांशाची कुपने जोडलेली असत. कंपनीला दिलेल्या काही सवलती परत घेण्यासाठी १८६९ मध्ये इस्माईलला ३ कोटी फ्रँक द्यायचे होते. रोकड नव्हती, म्हणून त्याने पुढच्या २५ वर्षांची कुपने कापून कंपनीच्या हवाली केली. कंपनीने त्यांच्या आधारावर १ लाख २० हजार रोखे काढले आणि बाजारात विकून टाकले. परिणामी १८७५ मध्ये डिझरायलीच्या हाती पडलेल्या शेअरना १८९४ पर्यंत कुपनच नव्हते. मग ब्रिटिश खजिन्याने काय केले? विक्रीच्याच करारात अट घातली की, तोपर्यंत इजिप्तने ५ टक्के व्याज भरावे. शेअर विकायचे आणि वर विकणाऱ्यानेच घेणाऱ्याला व्याज द्यायचे! ३९,७६,५८२ चे ५ टक्के म्हणजे वर्षाला १,९८,८२९ पौंड. साडेअठरा वर्षांचे गणित मांडा, ३६ लाखांच्या वर जाते. जवळजवळ सगळी किंमत इजिप्तने व्याजरूपाने परत केली आणि शेअर लंडनलाच राहिले. १८९४ नंतरचा लाभांश अर्थातच ब्रिटिश खजिन्यात.

राहिली १५ टक्क्यांची वाट. ती १८८० मध्ये क्रेदी फॉन्सिए या फ्रेंच बँकेच्या गटाला २ कोटी २० लाख फ्रँकना विकली गेली. तेलही गेले, तूपही गेले. त्या दिवसापासून १९३७ पर्यंत, म्हणजे तब्बल ५७ वर्षे, आपल्याच भूमीवरच्या कालव्याच्या नफ्यातला सेंटीमही इजिप्त सरकारला मिळालेला नाही. १९३७ पासून कंपनीने वर्षाला ३ लाख इजिप्शियन पौंड देऊ केले, सोबत संचालक मंडळात दोन जागा. १९४९ च्या करारात ते ढोबळ नफ्याच्या ७ टक्क्यांवर आले. आपल्या लेखकाचे ‘पहिल्यापासून’ हे असे आहे.

इस्माईल उधळ्या होता, हे लेखातले म्हणणे मान्य. पण तेवढ्यावर भागत नाही. अमेरिकन यादवीत कापसाचे भाव चढले, तेव्हा मुंबईत बॅकबे भराव कंपनीच्या शेअरचा जो तमाशा झाला, तोच कैरोत कर्जाच्या रूपाने झाला. १८६५ ला भाव कोसळले. मुंबईत पेढ्या बुडाल्या, इजिप्तमध्ये कर्ज उरले. त्याच्या आदल्याच वर्षी फ्रान्सचा सम्राट तिसऱ्या नेपोलियनने लवादाच्या खुर्चीत बसून इस्माईलला कंपनीला ८ कोटी ४० लाख फ्रँक भरपाई द्यायला लावली. त्यातले ३ कोटी ८० लाख कशाबद्दल? तर वेठबिगारीचे मजूर पुरवणे बंद केले म्हणून! १८७३ मध्ये ३ कोटी २० लाख पौंडांचे कर्ज काढले, त्यातले हातात आले जेमतेम २ कोटी. व्याज मात्र पूर्ण ३ कोटी २० लाखांवर. अशा माणसाचे दिवाळे कधी वाजणार एवढाच प्रश्न होता. १८७६ ला वाजले, सावकारांचे प्रतिनिधी ‘केस द ला देत’ ही कर्जवसुलीची कचेरी थाटून कैरोत बसले, आणि १८७९ मध्ये खुद्द इस्माईललाच गादीवरून काढले.

१८८२ चा विषय लेखकाने दोन ओळींत उरकला आहे. परकीय वर्चस्वाविरुद्ध उठलेल्या इजिप्शियन सेनानी उराबी पाशांचा तेल-अल-कबीरला १३ सप्टेंबरला पराभव झाला, त्यांना हरवणाऱ्या ब्रिटिश फौजेत हिंदुस्थानातून गेलेल्या पलटणी होत्या आणि त्यांच्या खर्चाचा एक भाग हिंदुस्थानच्या तिजोरीतून गेला. मराठी वाचकाला सांगण्यासारखी गोष्ट ही होती. त्याऐवजी इजिप्तचा कारभार हाकणाऱ्या ब्रिटिश अधिकारी क्रोमरच्या मिशांचे वर्णन आहे.

कंपनीची नियत पाहायची असेल तर १९१० पाहा. मुदत संपायला ५८ वर्षे बाकी असताना ती आणखी ४० वर्षे, म्हणजे २००८ पर्यंत, वाढवून मागण्यात आली. बदल्यात इजिप्तला सुमारे ४० लाख पौंड. ब्रिटिश अधिकारी अनुकूल, पंतप्रधान बुत्रोस घाली अनुकूल. राष्ट्रवादी पुढारी मुहम्मद फरीद यांनी हा बेत आधीच वर्तमानपत्रात फोडला होता. फेब्रुवारीत घालींची हत्या झाली. मारेकऱ्याने सांगितलेल्या कारणांत दिनशवाईच्या खेडुतांना फाशी देणाऱ्या, घाली न्यायाधीश असलेल्या १९०६ च्या खटल्याबरोबर हेही होते. एप्रिलमध्ये तिथल्या जनरल असेंब्लीने प्रस्ताव फेटाळला. फेटाळला नसता तर नासरच काय, मुबारकही कंपनीचे भाडेकरू राहिले असते.

आणि ‘बळकावला’? २६ जुलै १९५६ च्या कायद्यातच भागधारकांना भरपाईचे कलम होते. १९५८ मध्ये २ कोटी ८३ लाख इजिप्शियन पौंडांवर तडजोड झाली आणि ती रक्कम फेडलीही गेली. बळकावणारे हप्ते बांधून पैसे देत नसतात.

सोबतच्या कालपटात ‘१९२२ : इजिप्त स्वतंत्र’ असे निर्धास्तपणे छापले आहे. २८ फेब्रुवारीच्या त्या घोषणेत ब्रिटनने चार बाबी स्वतःकडे राखल्या होत्या: साम्राज्याचे दळणवळण, इजिप्तचे संरक्षण, परकीय व अल्पसंख्याकांचे हितसंबंध आणि सुदान. एवढे वगळल्यावर जे उरते, त्याला स्वातंत्र्य म्हणायचे तर ४ फेब्रुवारी १९४२ ला ब्रिटिश रणगाडे आब्दीन राजवाड्याभोवती उभे करून राजा फारुककडून हवा तो पंतप्रधान कसा नेमून घेतला, हेही त्याच कालपटात बसवून दाखवावे. शेवटचा ब्रिटिश सैनिक गेला तो जून १९५६ मध्ये.

जाता जाता त्या मोठ्या छायाचित्राबद्दल. खाली ओळ आहे, ‘इंग्रजांनी १९०२ मध्ये बांधलेले आस्वान धरण’. छायाचित्र उच्च धरणाचे आहे, जे १९६० ते १९७० मध्ये सोव्हिएत मदतीने झाले. ओळखायला अवघड नाही. १९०२ चे धरण दगडी बांधकामाचे, त्याला ओळीने १८० झडपा. उच्च धरण दगड-मातीच्या भरावाचे, १११ मीटर उंच, काही किलोमीटर वरच्या अंगाला. ही चूक किरकोळ म्हणून सोडली असती. पण याच उच्च धरणासाठी कबूल केलेली मदत अमेरिकेने १९ जुलै १९५६ ला नाकारली, पाठोपाठ ब्रिटनने, आणि त्यासरशी जागतिक बँकेचे कर्जही गळाले. आठवड्याभरात नासर यांनी कालवा ताब्यात घेतला तो धरणाचा पैसा उभा करण्यासाठी. ते धरण इंग्रजांनी १९०२ मध्येच बांधून दिले होते असे आपले म्हणणे असेल, तर नासर यांना १९५६ मध्ये पैसे कशाला लागले, हेही पुरवणीत छापून टाका.

चुकीची दुरुस्ती आपण आतल्या पानावर, निविदांच्या खाली, भिंग घेऊन वाचावी लागेल अशा टायपात देता. चूक चौकटीत होती. दुरुस्तीही चौकटीतच यावी, आणि रविवारीच.

आपला,
एक जुना वर्गणीदार, सातारा